तळं गावानं खणलं, पाणी अकरा मोटारींचं: बसून बोलून सुटेल का?

माणदेशी_माती | ९ मार्च, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

प्रश्न आमच्या गावचा आहे, पण इथल्या बऱ्याच जणांच्या गावाला लागू पडेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव माण तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, ७२ च्या दुष्काळात झालेला. माझी आजी त्या कामावर होती. मातीची पाटी डोक्यावर घेऊन भराव चढायची, दुपारी सुकडी मिळायची. अजून तलावाकडं गेलो की ती कुठं बसून खायची ती जागा दाखवते.

गेले दोन उन्हाळे आम्ही पोरांनी वर्गणी काढून तलावातला गाळ काढला. ज्याला हवा त्यानं तो रानात नेला. यंदा पाऊस बरा झाला, तलाव तुडुंब भरला, सांडव्यावरून पाणी गेलं. नारळ फोडला, म्हातारी माणसं बघायला आली. दिवाळीनंतर काठावर पहिली मोटार बसली. आज अकरा आहेत.

पाझर तलाव उपशासाठी नसतोच. पाणी मुरावं आणि खालच्या विहिरींना पाझरावं, एवढ्यासाठी तो. त्या खालच्या विहिरी फेब्रुवारीतच तळाला गेल्या. गावच्या नळाची विहीर त्यांतलीच. म्हणजे तलावात पाणी दिसतंय आणि गावाला नळ चौथ्या दिवशी येतोय.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय काढला. दहा मिनिटांत गेल्या निवडणुकीपर्यंत पोचला आणि सभा तहकूब झाली.

गाळ काढताना गाव एक होतं, कारण प्रत्येकाला काही ना काही मिळत होतं. वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा कळलं की आपल्याकडे बोलायची जागाच नाही. भांडायची आहे, भाषणाची आहे, बोलायची नाही. ती तयार करता येईल का? कुठं झाली आहे का? कशी सुरुवात केली? ऐकीव नको, पाहिलेलं सांगा.

---

सातबारा | ९ मार्च, रात्री ९:४८

थेट सांगतो, राग मानू नका. बैठका घेत बसाल तोवर तलाव आटेल. पाझर तलावातून विनापरवाना उपसा होतोय ना? ग्रामपंचायतीचा ठराव करा, तहसीलदारांकडं लेखी अर्ज द्या, पोच घ्या, वीज कंपनीलाही प्रत द्या. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताला भूजल कायद्याचं संरक्षण आहे. अधिकार आहे तिथं विनवणी कशाला?

---

चहाची_किटली | ९ मार्च, रात्री १०:०५

ठराव करायला गणपूर्ती लागते हो. १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या. आमच्या गावात वडाच्या पारावर रोज संध्याकाळी शंभर माणसं असतात. सभा पारावरच घ्या असं मी सरपंचांना सांगितलंय.

---

पांझराकाठ | १० मार्च, सकाळी ७:३०

धुळे जिल्ह्यातला आहे. आमच्याकडची फड पद्धत पुस्तकात वाचली असेल, मी तिच्यात वाढलो. पांझरेवर, तशीच मोसम आणि आरम या नद्यांवर, तीनेकशे वर्षांपूर्वीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार भाग पाडलेले असतात. तो एकेक भाग म्हणजे फड. एका फडात एकच पीक. यंदा या फडात ऊस असेल तर पुढच्या वर्षी दुसऱ्या फडात.

यातली खरी अक्कल कुठं आहे ते सांगतो. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असतो. पाणी कमी पडलं की एक अख्खा फड पडीक ठेवायचा. मग नुकसान एकट्याचं होत नाही, सगळ्यांचं थोडं थोडं होतं. वरच्याची जमीन भिजली आणि खालचा कोरडा राहिला, असं होऊच शकत नाही, कारण वरचा तोच आणि खालचाही तोच.

पाणी सोडायला पाटकरी. शेतकऱ्यानं स्वतः दार उघडायचं नाही, स्वतःच्या शेतालाही पाणी पाटकरीच देणार. राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. मजुरी धान्यात मिळायची. माझे आजोबा सांगायचे की पाटकरी निवडताना त्याचा आवाज मोठा आहे का ते बघत नव्हते, त्याच्या घरचं कोण कुणाच्या सोयरिकीत आहे ते बघत होते.

वरती मोठी धरणं झाली आणि बऱ्याच ठिकाणी ही पद्धत मोडली. पण जिथं टिकली तिथं कुणाच्या चांगुलपणावर टिकलेली नाही. हित एकमेकांत असं गुंतवलंय की भांडण परवडतच नाही.

माणदेशी, तुमच्या अकरा मोटारवाल्यांपैकी कितीजणांची खालच्या बाजूलाही विहीर आहे? सुरुवात त्यांच्यापासून करा.

---

मृगाचा_पाऊस | १० मार्च, सकाळी ८:१२

सुंदर माहिती. एक शंका. आमच्या नाशिककडच्या नातेवाइकांच्या बोलण्यात ‘थळ’ येतं. तो फड वेगळा का?

---

पांझराकाठ | १० मार्च, सकाळी ८:४०

थळ म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर हक्क असलेली जमीन. ‘आमचं थळात आहे’ म्हटलं की सोयरिक जमवताना एक प्रश्न कमी व्हायचा.

---

रानपाखरू | १० मार्च, दुपारी १:२०

मी गडचिरोलीत नोकरीला होतो, धानोरा तालुक्यात. मेंढा (लेखा) ला बऱ्याचदा जाणं झालं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी त्यांचा बांबू रानाबाहेर नेऊ देईनात. वाहतूक परवाने द्यायचे कुणी, यावर दीड-दोन वर्षं गेली. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. ही झाली बातमी.

तुमच्या कामाचा आहे तो अभ्यासगट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षं चालवली. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरच्यानंही यावं, प्रश्न विचारावेत, माहिती आणावी, वाद घालावा. पण तिथं निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. हात वर करून मोजणी नाही. एकाचं जरी पटत नसेल तर विषय पुढच्या सभेला.

मला आधी हे फार संथ वाटायचं. नंतर लक्षात आलं की निर्णय होणार नाही हे माहीत असलं की माणूस मोकळा बोलतो. ‘मला हे कळलं नाही’ असं म्हणतो. ग्रामसभेत तसं कुणी म्हणत नाही, कारण तिथं हरायची भीती असते.

तुमच्या गावात २६ जानेवारीला जे झालं ते म्हणूनच झालं. पहिल्याच दिवशी निकाल मागितलात.

सर्वसहमतीला वेळ फार लागतो, तेव्हा चहापत्तीचा डबा मोठा ठेवा.

---

चहाची_किटली | १० मार्च, दुपारी १:३१

डबा माझ्याकडून. पत्ता कळवा.

---

डाळिंबवाला | १० मार्च, रात्री १०:५०

सगळं वाचलं. मी काठावरचा आहे. तुमच्या गावचा नाही, सांगोल्याकडचा, पण माझीही मोटार अशाच एका तलावावर आहे.

तुम्ही अकरा मोटारी म्हणता, जसे अकरा चोर आहेत. माझी तीन एकर डाळिंब आहे. तेल्या रोगानं एक बाग काढून टाकली, दुसरी लावली, तिच्यावर कर्ज आहे. ठिबक आहे, एक थेंब वाया जात नाही. हस्त बहाराची फळं झाडावर असताना मोटार बंद कर म्हणालात तर वर्षाची कमाई जाते. त्या बैठकीत मला बोलावणार ते समजूत घालायला की माझं ऐकायला? आमच्याकडं दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मी बसायच्या आधीच सगळ्यांचं ठरलेलं होतं. तिसऱ्यांदा मी गेलो नाही. मग ‘हा येतच नाही’ म्हणून माझ्या नावानं बोंब.

पाणी गावचं आहे हे मलाही मान्य आहे. पण बोलायला बोलवायचं असेल तर माझं गणितही फळ्यावर लिहा.

---

सातबारा | १० मार्च, रात्री ११:१५

डाळिंबवाले दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण पिण्याचं पाणी आधी. राज्याच्या जलनीतीतही पहिला क्रम पिण्याच्या पाण्याचाच आहे. त्यावर चर्चा कशी होणार?

---

डाळिंबवाला | १० मार्च, रात्री ११:२२

त्यावर नकोच. पिण्याला किती लागतं ते मोजा, तेवढं बाजूला ठेवा. उरलेल्यावर बोलू. आजवर कुणी मोजलंय का, एवढंच विचारतो.

---

निळी_पहाट | ११ मार्च, सकाळी ६:५५

‘गाव बसलं’, ‘गावानं ठरवलं’ हे शब्द मी लहानपणापासून ऐकले. आमची वस्ती गावाबाहेर. गाव बसायचं तेव्हा आम्ही नसायचो. त्यामुळे एकमतानं झालेल्या निर्णयाचं कौतुक ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो: एकमत कुणाकुणाचं?

मार्च सुरू आहे म्हणून आठवण देते. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सगळं कागदावर. तळ्याचं पाणी घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांसोबत हजारो माणसांना चालत जावं लागलं, आणि नंतर मारही खावा लागला. त्याच वर्षी नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. पुढं १९७२ पासून बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावं लागलं, म्हणजे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाल्यावर.

तेव्हा सातबारा म्हणतात तसा नुसता कायदा पुरत नाही, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. पण नुसतं बोलणंही पुरत नाही. ज्याला बसायलाच बोलावलं नाही त्याच्याशी संवाद कसला? महाडला लोक बोलायला नाही, पाणी प्यायला गेले. त्यानंतर बोलणं सुरू झालं.

फडाच्या गोष्टीतही मला हेच दिसलं. ज्याचा तुकडा प्रत्येक फडात, त्याचं हित जपलं गेलं. ज्याचा तुकडा कुठंच नाही, त्याचं काय?

माणदेशी_माती, तुमच्या तलावाच्या कामावर वस्तीतली किती माणसं होती? आणि २६ जानेवारीला किती आली होती?

---

पांझराकाठ | ११ मार्च, सकाळी ७:४०

निळी_पहाट, तुमचा प्रश्न रास्त आहे. फडात भूमिहीनाला मजुरी मिळायची, जागल्याचं काम मिळायचं, पाण्यावर हक्क नव्हता. आमच्या आजोबांच्या गोष्टीत ही बाजू कधी आली नाही. मीही वर लिहिताना सोडली.

---

माणदेशी_माती | ११ मार्च, रात्री ८:३०

निळी_पहाटताई, आजीला विचारलं. ती म्हणाली, “दगड फोडायला तीच माणसं होती की. आपुन पाट्या टाकत हुतो.” भरावाच्या पिचिंगचा, म्हणजे उतारावर लावतात तो, सगळा दगड वस्तीतल्या लोकांनी फोडला. २६ जानेवारीला तिकडून कुणीही नव्हतं. मी निरोपच दिला नव्हता. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, कळलं असेल असं धरून चाललो. चूक माझी आहे.

डाळिंबवाले दादा, मोजलेलं नाही. आम्हीही नाही आणि कुणीच नाही.

---

घागर | १२ मार्च, दुपारी ३:०५

अजून एक अर्धं गाव राहिलंय. बायका.

आमच्याकडं (बीड जिल्हा) महिला ग्रामसभा होते. नेहमीच्या ग्रामसभेआधी ती घ्यायचा नियमच आहे. अकरा वाजता ठेवतात, म्हणजे नेमकी शेतात खुरपणीची वेळ. सह्या नंतर घरोघरी जाऊन घेतात. मी बचत गटाची सचिव आहे, म्हणून मला सगळं दिसतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक केलं. टँकर सुरू होता, रोज भांडणं. बैठक ठेवली ती टँकर येतो त्या टाकीपाशीच, टँकर यायच्या तासभर आधी, कारण बायका तशाही रांगेत उभ्या असतात. कुणाला वेगळं यावं लागलं नाही. पहिल्या दिवशी फक्त एवढंच विचारलं: तुझ्या घरी माणसं किती, जनावरं किती, घागरी किती लागतात? प्रत्येकीनं सांगितलं. एका घरात लेक बाळंतपणाला आलेली, तिला दोन घागरी जास्त. ते ऐकल्यावर कुणी वाद घातला नाही. आधी त्याच बाईवर ‘ही जास्त भरते’ म्हणून सगळ्या चिडून होत्या, मीसुद्धा.

जागा आणि वेळ यावरच अर्धं ठरतं. पंचायतीच्या हॉलमध्ये खुर्च्या पुढं, सतरंजी मागं, आणि बायका दाराशी. टाकीपाशी सगळेच उभे.

---

मृगाचा_पाऊस | १२ मार्च, दुपारी ३:४०

घागरताई, हे वाचून अंगावर काटा आला.

थोडं विषयांतर: माणदेशींनी सुकडी म्हटलं आणि माझी आईच डोळ्यासमोर आली. तीही कामावर होती. गूळ घातलेलं पिठासारखं काहीतरी, मुठीनं तोंडात टाकायचं. आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की ती आजही तोंड वाकडं करते.

---

माणदेशी_माती | १२ मार्च, दुपारी ४:१०

आजी उलट सुकडीची चव सांगताना हसते. म्हणते, तेवढंच गोड होतं त्या वर्षात.

---

पुणेरी_पदपथ | १३ मार्च, सकाळी ११:१५

शहराची बाजू मांडतो. पुणे महापालिकेनं २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घ्यायला सुरुवात केली. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ ची. तिथं वस्त्यावस्त्यांत लोक जमून कुठल्या कामाला पैसे आधी द्यायचे ते ठरवायचे. आपल्याकडे आलं ते अर्जाच्या रूपात. नागरिकानं काम सुचवायचं, एका कामाला पाच लाखांची मर्यादा, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा.

मी दरवर्षी भरतो. आमच्या गल्लीत पदपथ झाला, दिवे लागले. चांगलं आहे, मी नाकारत नाही. पण शेजारच्या वस्तीतल्या बाईंनी त्याच पदपथावरचे बाक मागितले होते, त्यांची भाजीची पाटी टेकायला. मी मागितला होता मोकळा पदपथ. आम्ही दोघांनी वेगवेगळे अर्ज भरले, कधी समोरासमोर बसलोच नाही. बसलो असतो तर दोन्ही झालं असतं, पदपथ तेवढा रुंद होता. हे मला काम झाल्यावर कळलं, त्यांच्याकडून भाजी घेताना.

---

जलमापक | १३ मार्च, रात्री ९:००

डाळिंबवाले आणि घागर या दोघांच्या बोलण्यातलं सूत्र एकच आहे: आधी मोजा. मी भूजलाच्या कामात गावोगाव फिरतो. माझा अनुभव असा की आकडा सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या हातानं निघाला तर भांडणाचा सूर बदलतो. आकडा मी कार्यालयातून छापून नेला तर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा?

हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान झालं, हे माहीत असतं. मला महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, माणसांना आणि जनावरांना किती, मग उरतं किती, आणि त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. साधारण ४०० मिलिमीटर पावसाचं गाव आहे ते, तुमच्या माणसारखंच.

तुम्ही करण्यासारखं सांगतो. एक: तलावात पट्टी रोवा, सेंटिमीटरच्या खुणांची. शाळेतल्या मुलांकडून रंगवून घ्या. दोन: खालच्या पाच विहिरी निवडा, दर सोमवारी दोरीला दगड बांधून पातळी मोजा. तीन: प्रत्येक मोटारीखाली २०० लिटरचा ड्रम ठेवून भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा, मालकाच्या समोर, त्याच्याच हातानं. चार: सगळं देवळाच्या भिंतीवर नाही, सगळ्यांची ये-जा आहे अशा भिंतीवर लिहा.

गणित अवघड नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा लोक आभाळाकडं वेगळ्या नजरेनं बघतात.

---

मानशीकडचा | १४ मार्च, सकाळी १०:२०

गोव्यातून. आमच्या खाजन जमिनी म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली शेती. बांधाला मानस असते, म्हणजे भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारं दार. गावकारी, म्हणजे मूळ गावकारांची सामाईक संस्था, पोर्तुगीज काळापासून जिला कोमुनिदाद म्हणतात, ती या सगळ्याचं बघायची. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा आणि बांधाची डागडुजी व्हायची. शेकडो वर्षं चाललं.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. कायदा न्यायाचाच होता. पण मासळीचा पैसा मोठा झाला आणि काही ठिकाणी खारं पाणी मुद्दाम आत ठेवायला लागले. बांध फुटले, शेतं बुडाली.

जुनी गावकारी मी डोक्यावर घेत नाही. हक्क फक्त मूळ गावकारांच्या पुरुष वंशजांना होता. बायका नाहीत, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे) नाहीत. निळी_पहाट म्हणतात तेच. पण बांध एकदा गेला की परत यायला फार वर्षं लागतात, म्हणून तुम्ही आत्ताच बसा.

---

कऱ्हाकाठ | १४ मार्च, रात्री १०:०२

पुरंदरवाला अजून कसा बोलला नाही म्हणून वाट बघत होतो, शेवटी मीच लिहितो.

विलासराव साळुंखे पुण्यातले इंजिनिअर, कारखानदार. ७२ च्या दुष्काळात पुरंदरमधली माणसं खडी फोडताना पाहिली आणि नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन कसायला घेतली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम ऐका: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तरी पाणी विकलं जात नाही. आणि भूमिहीनालाही वाटा.

निळी_पहाट, तुमच्या ‘ज्याचा तुकडा कुठंच नाही’ या प्रश्नाला पन्नास वर्षांपूर्वी दिलेलं हे एक उत्तर आहे. हा विचार मांडल्यावर सुरुवातीला लोक काय म्हणाले असतील विचार करा. ज्याला जमीन नाही त्यानं पाणी घेऊन काय करायचं? करता येतं. दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसता येते, आपल्या वाट्याच्या पाण्यावर. मग जमीनवाला त्याच्या दारात येतो.

सगळ्या योजना टिकल्या नाहीत. काही विजेच्या बिलात बुडाल्या, काही ठिकाणी ऊस परत आला. तरी माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मोटारी अकरा का पाच, यावर वाद घालत राहिलात तर काठावरच्यांचंच बोलणं चालू राहील. ‘गावात माणसं किती’ इथून सुरू केलंत तर बोलणारेच बदलतील.

---

दूरदेशी | १५ मार्च, पहाटे २:३०

स्पेनमध्ये वलेन्सियाला शिकायला होतो. तिथं दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं. शेतकऱ्यांनी निवडलेले आठ पंच, काळे डगले, सगळं तोंडी, वकील नाही, निकाल तिथल्या तिथं. युनेस्कोनं २००९ मध्ये त्याला वारशाचा दर्जा दिला. मी पाहिलं तेव्हा तक्रारच नव्हती, पाच मिनिटांत संपलं. तरी पुढच्या गुरुवारी पंच परत आले. जागा आणि वेळ ठरलेली, यावर घागरताईंना अनुमोदन.

---

माणदेशी_माती | ६ एप्रिल, रात्री ९:४५

उशीर झाला, पण सांगण्यासारखं झाल्याशिवाय यायचं नाही असं ठरवलं होतं.

आम्ही दोनदा बसलो. दोन्ही वेळा तलावाच्या भरावावर, संध्याकाळी पाच वाजता. पहिल्या वेळी रानपाखरूंनी सांगितल्याप्रमाणे आधीच जाहीर केलं की आज काहीही ठरणार नाही. वस्तीत मी आणि सरपंचांचा मुलगा दोनदा जाऊन आलो. आजीला गाडीवर बसवून नेलं. तिच्यासोबत कामावर असलेल्या चार बाया आल्या, त्यांतल्या दोघी वस्तीतल्या. पोरांनी पट्टी रोवली होती. आधी नुसतं ७२ सालचंच बोलणं झालं, दगड कुठून आला, मुकादम कोण होता, कुणाचा हात मोडला. अर्धा तास. मोटारवाले ऐकत होते.

मग वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, “पिचिंगचा दगूड आमी फोडला. पाणी भरलं ते बगाया बी आलो. आता ह्ये पाणी आमच्या कंच्या रानात जायाचं? आमाला रानच न्हाई.” कुणी काही बोललं नाही. काठावरचा एक जण, ज्याची सगळ्यात मोठी मोटार, तो उठून चालत सांडव्यापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

मधल्या आठवड्यात ड्रम लावून मोटारी मोजल्या. अकरापैकी दहांनी मोजू दिल्या. विहिरींची पातळी सोमवारी घेतो. सगळं शाळेच्या भिंतीवर लिहिलंय.

दुसऱ्या बैठकीत, ३० मार्चला, जूनअखेरपर्यंत नळाच्या विहिरीला लागेल तेवढं धरून पट्टीवर लाल खूण केली. खुणेखाली कुणाचीच मोटार चालणार नाही. नऊ जणांनी मान्य केलं. त्यांत चौघांची डाळिंबं झाडावर होती, त्यांना फळ उतरेपर्यंत पंधरा दिवस एक दिवसाआड दिले. ती मागणी त्यांचीच होती आणि ती मान्य करा म्हणणारी पहिली बाई नळाच्या रांगेतली होती. दोघं तयार नाहीत. एक बैठकीला आलाच नाही, दुसरा म्हणतो परवानगी काढून आणतो.

कऱ्हाकाठ, माणशी वाट्याचा विषय मी मांडला. हसले काही जण. पण ग्रामपंचायतीच्या यादीतून कुटुंबं आणि माणसं मोजायचं काम दोन पोरांनी अंगावर घेतलंय.

---

सातबारा | ६ एप्रिल, रात्री १०:२०

नऊ जण! मी एकही धरला नव्हता. उरलेल्या दोघांसाठी ठराव करायचा झाला तर मसुदा मी करून देतो, विनामूल्य. पण आधी त्यांच्या घरी एकदा जाऊन या.

---

डाळिंबवाला | ६ एप्रिल, रात्री १०:४१

एक दिवसाआड पंधरा दिवस. एवढं मला कुणी विचारलं असतं तर मीही हो म्हणालो असतो. तुमच्या भिंतीचा फोटो टाका. आमच्या सरपंचांना दाखवतो, आणि या वेळी बैठक मी बोलावतो.

---

निळी_पहाट | ७ एप्रिल, सकाळी ७:१५

त्या आजींचं बोलणं वाचून बराच वेळ बसून राहिले.

पुढची बैठक वस्तीत घ्याल का? समाजमंदिराच्या अंगणात. गाव तिकडं चालत येऊ दे.

---

माणदेशी_माती | ७ एप्रिल, दुपारी १२:५०

विचारलं. सरपंच हो म्हणाले, दोघं-तिघं कुरकुरले. १३ तारखेला, संध्याकाळी पाच, समाजमंदिर. दुसऱ्या दिवशी जयंती, मांडव तसाही असेलच. विषय एकच: माणशी वाटा. चहा चहाची_किटली यांच्याकडून, डबा काल पोचला.

जलमापक, कालचे आकडे. तलाव: लाल खुणेच्या वर ४१ सेंटिमीटर. नळाची विहीर: मागच्या सोमवारपेक्षा एक वीत वर.